एकच पूरगीत, तीन तबकड्या आणि श्रेयाची ओळ

खर्जातला (प्रश्न)

गेल्या दिवाळीत मामांनी त्यांच्याकडचा इंग्रजी तबकड्यांचा खोका मला देऊन टाकला. त्यात लेड झेपेलिन या इंग्लिश रॉक बँडचा १९७१ सालचा चौथा अल्बम होता, आणि ज्या गाण्याने त्याची दुसरी बाजू संपते त्या 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'ने मला पुरते झपाटून टाकले. पुढे काही आठवड्यांनी अमेरिकी गायक-गीतकार बॉब डिलनचा २००६ सालचा 'मॉडर्न टाइम्स' ऐकत असताना शेवटून दुसरे गाणे सुरू झाले आणि मी चमकलो. पाऊस असाच पडत राहिला तर नदीचा बांध फुटणार, हीच ती ओळ होती. मात्र येथे ती काळजाचा थरकाप उडवणारी नव्हती, तर जवळजवळ नाचऱ्या ठेक्यावर बसवलेली होती.

शोध घेतल्यावर कळले की दोन्ही गाण्यांचे मूळ कॅन्सस जो आणि मेम्फिस मिनी या कृष्णवर्णीय जोडप्याने १९२९ साली ध्वनिमुद्रित केलेल्या ब्लूजमध्ये (अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या गीतप्रकारात) आहे, आणि त्या गाण्याचा विषय १९२७ साली मिसिसिपी नदीला आलेला महापूर हा आहे. झेपेलिनच्या तबकडीवर बँडमधील चौघांच्या नावांबरोबर मेम्फिस मिनीचेही नाव छापलेले आहे. डिलनच्या अल्बमवर मात्र दहाच्या दहा गाणी एकट्या डिलनच्या नावावर आहेत.

मला 'मॉडर्न टाइम्स' मनापासून आवडतो, म्हणूनच हा प्रश्न सतावतो आहे. कारकिर्दीच्या पंचेचाळिसाव्या वर्षाकडे निघालेल्या, पासष्टी गाठलेल्या कलावंताला एका दिवंगत गायिकेचे नाव आपल्या नावाशेजारी छापायला काय अडचण असावी? की लोकसंगीताच्या बाबतीत असा हिशेब मांडणे हीच माझी चूक आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुनी तबकडी

प्रश्न चांगला आहे, पण झेपेलिनला इतक्या लवकर प्रामाणिकपणाचे प्रमाणपत्र देऊ नका. या मंडळींच्या पहिल्या दोन अल्बमांची कथा वाचली तर मेम्फिस मिनीचे नाव हा नियम नसून अपवाद आहे, असेच म्हणावे लागते. 'होल लोटा लव्ह' १९६९ साली आले तेव्हा त्यावर फक्त बँडची नावे होती. त्यातल्या शब्दांचा मोठा भाग ब्लूजचे गीतकार विली डिक्सन यांच्या गाण्यातून आलेला होता, आणि ते गाणे ब्लूज गायक मडी वॉटर्स यांनी १९६२ साली गायले होते. डिक्सन यांनी १९८५ साली दावा दाखल केला, १९८७ साली न्यायालयाबाहेर तडजोड झाली, आणि पुढे त्यांचे नाव श्रेयात आले. पहिल्या अल्बमवरील 'बेब, आयम गॉना लीव्ह यू' हे 'पारंपरिक, संयोजन जिमी पेज' (म्हणजे बँडचे गिटारवादक) असे छापले होते. ते मुळी पारंपरिक नव्हतेच. ॲन ब्रेडन या बाईंनी ते १९५०च्या दशकाच्या अखेरीस रचले होते, आणि त्यांचे नाव तबकडीवर यायला १९९० साल उजाडावे लागले. त्याच अल्बमवरील 'ब्लॅक माउंटन साइड' ही गिटारची रचना स्कॉटिश गिटारवादक बर्ट यान्श यांनी एका पारंपरिक गीतासाठी बांधलेल्या वादनावरून सरळ उचललेली आहे आणि श्रेय एकट्या पेज यांचे आहे. (त्यात तबला वाजवणारे विराम जसानी यांचे नाव मात्र पाकिटावर आहे, ही आपल्यासाठी समाधानाची बाब.)

आता मूळ गाण्याकडे वळू. १९२९च्या त्या ध्वनिमुद्रणात गायन जो मॅकॉय, म्हणजेच कॅन्सस जो, याचे आहे. मिनी गात नाही, ती गिटार वाजवते, आणि ते वादन इतके सफाईदार आहे की जोचा आवाज पुष्कळदा तिच्या बोटांमागे धावतो आहे असे वाटते. मूळ तबकडी दोघांच्या नावाने निघाली होती. झेपेलिनने श्रेय देताना मिनीचे नाव ठेवले आणि जोचे गाळले. म्हणजे तुम्ही ज्याला आदर्श मानता ते श्रेयही अर्धेच आहे.

तरीही एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. झेपेलिनने त्या गाण्याचे जे केले ते उसनवारीच्या फार पलीकडचे आहे. हॅम्पशायरमधील हेडली ग्रेंज या जुन्या घरात, जे कधीकाळी गोरगरिबांचे वर्कहाउस, म्हणजे निराधारांना ठेवण्याची जागा, होते, जिन्याच्या तळाशी असलेल्या दालनात बँडचा ड्रमवादक बॉनम याचे ड्रम मांडले गेले, आणि ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स यांनी वरच्या मजल्यावरून दोन मायक्रोफोन खाली सोडले. त्या जिन्याच्या पोकळीतून जो घुमारा उमटला, तो ऐकताना शब्द कळण्याआधीच पाणी चढत असल्याचा भास होतो. १९२९च्या गाण्यातला माणूस पुराविषयी बोलतो. येथे पूरच वाजतो.

साकी-दिंडी

मी डिलनच्या बाजूने लिहिणार आहे, आणि तेही आपल्याकडच्या अनुभवाच्या आधाराने.

ज्यांनी संगीत नाटकांची जुनी छापील पुस्तके हाताळली आहेत त्यांना आठवत असेल की प्रत्येक पदाच्या डोक्यावर 'चाल' असा शब्द आणि त्यापुढे एखाद्या आधीच्या गाण्याचे पहिले शब्द छापलेले असत. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'सौभद्र' १८८२ साली रंगभूमीवर आले तेव्हा त्यातील साक्या, दिंड्या आणि कामदा या छंदांच्या चाली कीर्तनातून आणि घरादारांतून आधीच लोकांच्या कानांत बसलेल्या होत्या. त्या घेतल्या म्हणून किर्लोस्करांना कोणी चोर म्हटले नाही. जात्यावरच्या ओवीचेही तसेच आहे. हजारो बायकांनी त्याच सुरावर आपापले सुखदुःख गुंफले, आणि प्रत्येकीची ओवी तिची स्वतःची ठरली.

डिलन नेमके हेच पहिल्यापासून करत आला आहे. 'ब्लोइन इन द विंड'ची चाल 'नो मोअर ऑक्शन ब्लॉक' या गुलामगिरीच्या काळातील गीतावरून आल्याचे त्याने स्वतः सांगितले आहे. 'अ हार्ड रेन्स अ-गॉना फॉल'ची प्रश्नोत्तरांची घडण 'लॉर्ड रँडल' या जुन्या ब्रिटिश कथागीताची आहे. १९६३च्या ज्या अल्बममुळे त्याचे नाव झाले, त्यातली निम्मी मोठी गाणी अशा उसन्या सांगाड्यांवर उभी आहेत. तेव्हा तुम्हाला अडचण वाटली नाही, मग वयाच्या पासष्टाव्या वर्षी त्याने तेच केले तर ती का वाटावी?

शिवाय 'मॉडर्न टाइम्स'मधील पूरगीतात धृपद सोडले तर बहुतेक कडवी त्याची आहेत. आणखी एक बाब अशी की हा अल्बम अमेरिकेत २९ ऑगस्ट २००६ रोजी प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या बरोबर एक वर्ष आधी, त्याच तारखेला, कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्सचे बांध फोडले होते. अशा दिवशी त्या शहरातील लोकांपुढे १९२७च्या पुराचे धृपद पुन्हा म्हणणे ही माझ्या दृष्टीने चोरी नाही. जुन्या दुःखाला नव्या दुःखाशेजारी बसवणे म्हणजेच परंपरा चालवणे होय. आणि ज्या मडी वॉटर्सचा उल्लेख वर आला आहे, त्यांनीही १९५० साली 'रोलिन अँड टम्बलिन' आपल्याच नावावर घेतले होते, हे विसरू नये. हॅम्बोन विली न्यूबर्न यांनी ते १९२९ सालीच ध्वनिमुद्रित केलेले होते. डिलनने त्याच अल्बममध्ये ते गाणेही आपल्या नावावर केले. म्हणजे या बाबतीत तो परंपरेशी प्रामाणिकच राहिला म्हणायचा!

खर्जातला

साकी-दिंडी, तुमचा शेवटचा विनोद आवडला, परंतु नाट्यपदांचे उदाहरण तुमच्याच विरुद्ध जाते असे मला वाटते. ज्या नाटककारांना कोणत्याही कायद्याने भाग पाडले नव्हते, त्यांनी पदाच्या डोक्यावर 'चाल' छापली. चाल माझी नाही, अमुक गाण्याची आहे, हे वाचकाला पहिल्याच ओळीत कळत असे, आणि म्हणून पदाची किंमत कमी झाली असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. डिलनला तेवढीच एक ओळ छापता आली असती.

त्याला ती छापता येते, याचा पुरावाही आहे. १९९३च्या 'वर्ल्ड गॉन राँग' या अल्बममध्ये त्याने केवळ जुनी लोकगीते आणि ब्लूज गायले, आणि सोबतच्या टिपणांत ती कोणाकडून घेतली हे स्वतः लिहिले. मग तेरा वर्षांनी काय बदलले?

ओवीविषयीही एक शंका आहे. ओवी सर्वांची असते कारण ती कोणालाच विकता येत नाही. डिलनने डिसेंबर २०२० मध्ये आपल्या सहाशेहून अधिक गाण्यांचे प्रकाशन-हक्क युनिव्हर्सल या कंपनीला विकले. पाणवठ्यावरचे पाणी सर्वांचे आहे असे म्हणत हंडा भरून घ्यायचा आणि घरी आल्यावर हंड्यावर नाव घालून तो विकायचा, ही दोन वेगळी तत्त्वे झाली. मला दोन्ही मान्य आहेत, पण एकाच माणसाने ती एकाच वेळी वापरणे मान्य नाही.

लेस्टरकर

मी गेली सव्वीस वर्षे इंग्लंडमध्ये राहतो आणि येथील फोक क्लबांत (लोकगीते गाण्याच्या मंडळांत) अधूनमधून जातो, म्हणून या चर्चेत इकडची बाजू जोडतो.

येथे उसनवारीचा विषय निघाला की जुने लोक 'स्कारबरो फेअर'वर येतात. येथील लोकगीतगायक मार्टिन कार्थी यांनी १९६५च्या आपल्या पहिल्या अल्बमवर ते गीत स्वतः बांधलेल्या गिटारवादनासह गायले. त्या काळात अमेरिकी गायक पॉल सायमन इंग्लंडमध्ये क्लबांतून गात फिरत होता. त्याने ते कार्थींकडून शिकून घेतले, आणि १९६६ साली सायमन आणि गारफंकल यांच्या अल्बमवर ते आले तेव्हा कार्थींचा किंवा परंपरेचा कोठेही उल्लेख नव्हता. 'द ग्रॅज्युएट' चित्रपटामुळे गीत जगभर पोहोचले, तशी कार्थींची नाराजी येथील क्लबांतही सर्वांना ठाऊक झाली. अखेर २००० साली सायमनने लंडनच्या आपल्या कार्यक्रमात कार्थींना रंगमंचावर बोलावले आणि दोघांनी ते एकत्र गायले. डिलननेही कार्थींकडूनच हे गीत ऐकून त्यातून 'गर्ल फ्रॉम द नॉर्थ कंट्री' घडवले, पण कार्थींनी त्याच्याविषयी राग धरला नाही. त्याचे कारण माझ्या मते साधे आहे. डिलनने त्या गीतातून स्वतःचे वेगळे गीत काढले, आणि त्याच अल्बमच्या पाकिटावरील मजकुरात 'बॉब डिलन्स ड्रीम'च्या चालीसाठी कार्थींचा नावानिशी उल्लेखही होता. सायमनने मात्र चाल, शब्द आणि गिटारची बांधणी असे सगळेच उचलले.

पण ही कथा येथे थांबत नाही, आणि पुढचा भाग फार थोडे जण सांगतात. कार्थींनी ते गीत युअन मॅकॉल आणि पेगी सीगर या लोकगीतगायकांच्या गीतसंग्रहातून घेतले होते. मॅकॉल यांना ते १९४७ साली काउंटी डरहॅममधील मिडलटन-इन-टीसडेल या गावी मार्क अँडरसन नावाच्या, शिशाच्या खाणीतून निवृत्त झालेल्या कामगाराने गाऊन दाखवले होते. म्हणजे ज्याला सगळे 'पारंपरिक' म्हणतात त्या चालीच्या टोकाशी एक नावगाव असलेला माणूस बसलेला आहे. इंग्लंडमधील संग्राहकांनी ही नावे बहुधा टिपून ठेवली आहेत. सेसिल शार्प यांनी १९०३ साली सॉमरसेटमध्ये टिपलेले पहिले गीत जॉन इंग्लंड नावाच्या माळ्याचे होते, हे येथील कोणताही फोकप्रेमी सांगेल. नावे वह्यांत आहेत. तबकड्यांवर येईपर्यंत ती गळतात.

म्हणून नाट्यपदांच्या उदाहरणाला मी एक पुरवणी जोडेन. पदावरच्या 'चाल' या ओळीत आधीच्या गाण्याचे शब्द असत. ती चाल ज्या कीर्तनकाराच्या किंवा गाणारणीच्या गळ्यातून नाटककाराने ऐकली तिचे नाव नसे. आपली पद्धत डिलनपेक्षा बरी होती, हे खरे. पूर्ण मात्र तीही नव्हती.

फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या इंग्लिश बँडचे उदाहरणही येथे घ्यायला हवे. मे १९६९ मध्ये त्यांच्या गाडीला अपघात होऊन अवघ्या एकोणीस वर्षांचा ड्रमवादक मार्टिन लॅम्बल मृत्यू पावला. त्यातून सावरताना या मुलांनी इंग्लिश कथागीतांचा आश्रय घेतला. ॲशली हचिंग्ज सेसिल शार्प हाउसमध्ये बसून गीते शोधू लागला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये 'लीज अँड लीफ' बाहेर आला. त्यातली 'मॅटी ग्रोव्ह्ज' आणि 'टॅम लिन' ही गीते पारंपरिक म्हणूनच दिलेली आहेत. वीजगिटार आणि ड्रम लावूनही त्यांनी गीतावर मालकी सांगितली नाही, आणि तरीही सँडी डेनीचा आवाज आणि डेव्ह स्वारब्रिकचे व्हायोलिन यांमुळे तो अल्बम सर्वस्वी त्यांचाच वाटतो. (या सँडी डेनीचाच आवाज झेपेलिनच्या चौथ्या अल्बमवरील 'द बॅटल ऑफ एव्हरमोर'मध्येही आहे. मामांच्या तबकडीची पहिली बाजू तिच्यासाठी पुन्हा ऐकावी.)

पाचवी काळी

ज्येष्ठ कलावंतांचा मुद्दा मूळ प्रश्नात होता, तो मागे पडला आहे. वय वाढल्यावर रॉकचे गायक लोकसंगीताकडे परततात, कारण किंचाळण्याइतका आवाज उरलेला नसतो आणि जुनी गीते थकलेल्या आवाजाला सामावून घेतात. हे मी टीका म्हणून लिहीत नाही. पण परतल्यावर कोण कसे वागतो हे पाहण्यासारखे आहे.

'मॉडर्न टाइम्स' आला त्याच २००६ साली, एप्रिलमध्ये, अमेरिकी रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने लोकगायक पीट सीगर यांच्यामुळे लोकांना परिचित झालेल्या जुन्या गीतांचा अल्बम काढला आणि शीर्षकातच सीगर यांचे नाव घातले. झेपेलिनचा गायक रॉबर्ट प्लांट याने २००७ साली ॲलिसन क्राउस हिच्याबरोबर 'रेझिंग सँड' केला. त्यात बहुतेक गाणी इतरांची आहेत आणि ती इतरांचीच म्हणून दिलेली आहेत. त्या अल्बमला २००९ साली वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी मिळाले. ज्या बँडने विली डिक्सनचे नाव गाळले त्याच बँडच्या गायकाला दुसऱ्यांची गाणी दुसऱ्यांच्या नावानिशी गाऊन म्हातारपणी एवढा मान मिळाला. खर्जातला यांच्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर हे आहे की अडचण कोणतीच नव्हती.

मात्र डिलनच्या बाबतीत मला एक वेगळी शंका येते. २००१ साली त्याने आपल्या अल्बमला 'लव्ह अँड थेफ्ट' हे नाव दिले आणि ते अवतरणचिन्हांत छापले. तेच नाव एरिक लॉट यांच्या एका अभ्यासग्रंथाचे आहे, आणि त्याचा विषय गोऱ्यांनी चेहरे काळे करून कृष्णवर्णीयांच्या संगीताची नक्कल करण्याच्या अमेरिकी खेळांचा आहे. प्रेम आणि चोरी हे शीर्षकच चोरून घेणारा माणूस आपण काय करतो आहोत हे पुरते जाणून असतो. २०१२ साली एका मुलाखतीत त्याने टीकाकारांना शिव्या घातल्या आणि लोकसंगीतात व जॅझमध्ये इतरांच्या ओळी घेणे ही समृद्ध परंपरा असल्याचे सांगितले. तो म्हणतो ते खरेच आहे. पण अवतरणचिन्हे पाकिटावर आहेत आणि श्रेयाच्या ओळीत नाहीत. मला तो अल्बम प्रिय आहे आणि ही गोष्ट खटकते, आणि ही दोन्ही मते मी सोडणार नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या घराजवळची. पेज आणि प्लांट १९७२ साली मुंबईत आले होते आणि येथील वादकांना घेऊन त्यांनी 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही आपली दोन गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केली होती. ती अधिकृतपणे प्रसिद्ध व्हायला २०१५ साल उजाडले, 'कोडा' या अल्बमच्या वाढीव आवृत्तीत. तेथे आपल्या वादकांची ओळख गाण्याच्या नावाला जोडलेल्या 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा' या दोन शब्दांनी होते. त्या काळी मुंबईत चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांसाठी रोज सकाळी व्हायोलिनची पेटी घेऊन लोकलने निघणाऱ्या वादकांना अशा सामूहिक नावाची सवयच होती, त्यामुळे त्यांनी ते मनावर घेतले नसेल. लेस्टरकरांनी मार्क अँडरसन यांच्याविषयी लिहिलेले वाचून मला हीच माणसे आठवली.

साकी-दिंडी

हंड्याचा दृष्टान्त मला लागला, हे मान्य करतो. हक्कांच्या विक्रीचा मी विचार केला नव्हता. तरी माझे एवढे म्हणणे राहतेच की डिलनने मिनीचे नाव छापले असते तर पैशाचा हिशेब सुधारला असता, गाणे मात्र तेच राहिले असते. आणि ऐकणाऱ्याने गाण्याचा न्याय गाण्यावर करावा. 'मॉडर्न टाइम्स'मधील 'वर्किंगमॅन्स ब्लूज'साठी मी हा अल्बम आणखी वीस वर्षे ऐकेन.

जुनी तबकडी

जरूर ऐका, मीही ऐकतो. फक्त खर्जातला यांना एक सुचवतो. तिन्ही ध्वनिमुद्रणे एका बैठकीत, सालाच्या क्रमाने ऐका आणि कोणी नेमके काय घेतले हे कानाने ठरवा. माझ्या कानाला असे वाटते की झेपेलिनने मुख्यतः शब्द घेतले. मिनीच्या गिटारचा तेथे मागमूस नाही, त्या जागी बॉनमचा ठेका आणि प्लांटची हार्मोनिका आहे. डिलनच्या गाण्याची चाल आणि तिचा हलका झुलता वेग मात्र १९२९च्या वादनाच्या बराच जवळ जातो. म्हणजे ज्यांनी जोच्या तोंडचे शब्द घेतले त्यांनी नाव मिनीचे छापले, आणि ज्याच्या गाण्यात मिनीची बोटे ऐकू येतात त्याने कोणाचेच छापले नाही.

१९२९चे ध्वनिमुद्रण ऐकताना खरखर फार असेल, म्हणून हेडफोन लावा आणि पहिल्या कडव्याआधीच्या गिटारकडे लक्ष द्या. तेथे दोन गिटारी आहेत, वरची मिनीची.